तपासणीच्या टेबलावरची बाटली: डिस्ने वर्ल्डच्या दारातली एक अटक

पार्श्वभूमी

सेंट्रल फ्लोरिडातल्या मराठी घरांत भारतातून आई-बाबा आले, त्यांची झोपेची वेळ रुळली, की डिस्ने वर्ल्डची एक फेरी ठरलेली असते. आमच्याकडेही तसंच आहे. त्यामुळे एप्रिल २०१९ मध्ये तिथल्या मॅजिक किंगडम या पार्कच्या तपासणी नाक्यावर एका पणजीबाईंना अटक झाल्याची बातमी आली, तेव्हा ती आम्हाला परकी वाटली नाही. वाचताना माझ्या डोळ्यांसमोर माझ्या आईची पर्स होती. गुडघेदुखीच्या गोळ्या, हिंगाष्टक चूर्णाची पुडी, आणि खोकल्याच्या औषधाच्या जुन्या बाटलीत ओतून आणलेलं महानारायण तेल. लेबल खोकल्याचं आणि आत तेल.

प्रकरण नीट समजायचं तर या जागेवर पोलिसी अधिकार कुणाचा, हे आधी पाहावं लागतं. डिस्ने वर्ल्ड ही सुमारे १०० चौरस किलोमीटरची मालमत्ता आहे. बोरिवलीचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान साधारण तेवढंच. ती ऑरेंज आणि ऑसिओला या दोन काउंट्यांत (राज्याखालच्या प्रशासकीय विभागांत) पसरली आहे आणि तिच्यात चार मोठी थीम पार्क, वॉटर पार्क, डझनावारी हॉटेलं आणि स्वतःचे रस्ते आहेत. १९६७ मध्ये फ्लोरिडाच्या विधिमंडळाने या जमिनीसाठी रीडी क्रीक इम्प्रूव्हमेंट डिस्ट्रिक्ट नावाचा खास जिल्हा तयार केला. त्याला अग्निशमन दल, बांधकामाचे नियम, पाणी, वीज, इतकंच काय, विमानतळ आणि अणुवीज केंद्र उभारण्याचे अधिकारही कागदावर मिळाले. स्वतःचं पोलीस दल मात्र या जिल्ह्याने कधी ठेवलं नाही. २०२३ मध्ये त्याचं नाव बदलून सेंट्रल फ्लोरिडा टूरिझम ओव्हरसाइट डिस्ट्रिक्ट झालं आणि मंडळाच्या नेमणुका गव्हर्नरकडे गेल्या. तरी पोलिसांचं काम आजही काउंटीच्या शेरीफकडेच आहे. शेरीफ हा मतदारांनी निवडून दिलेला अधिकारी असतो, आणि त्याच्या हाताखालचे डेप्युटी म्हणजे पूर्ण अधिकाराचे पोलीस.

म्हणजे दारात दोन प्रकारची माणसं उभी असतात. टेबलामागे बॅग उघडणारा कंपनीचा सुरक्षारक्षक असतो. त्याच्यापासून थोड्या अंतरावर शेरीफचा डेप्युटी. डेप्युटींच्या या हजेरीचा खर्च करारातून येतो. काही डेप्युटी सुट्टीच्या वेळात जादा ड्युटी म्हणूनही इथे उभे राहतात, पण गणवेश, पिस्तूल आणि अटकेचा अधिकार तोच. पर्यटकाला दोघे एकाच यंत्रणेचे वाटतात. कायद्याच्या दृष्टीने ते दोन वेगळ्या जगांत आहेत. रक्षकाची तपासणी ही प्रवेशाची अट आहे: पटत नसेल तर परत फिरा. वाटेल त्या वस्तूला तो नाही म्हणू शकतो, पण कुणाला तुरुंगात पाठवू शकत नाही. डेप्युटी पाठवू शकतो.

डिसेंबर २०१५ पासून या पार्कांच्या दारांत मेटल डिटेक्टर आले आणि खेळण्यातल्या बंदुकांवरही बंदी आली. जून २०१६ मध्ये ऑर्लँडोतल्या पल्स नाइटक्लबमध्ये ४९ माणसं मारली गेली. त्यानंतर या शहरात कुणी बॅग तपासणीबद्दल कुरकुर करत नाही, आणि मीही करत नाही. रोज हजारो पोरांना आत घेणाऱ्या दारात शस्त्र शोधणारं टेबल हवंच. प्रश्न वेगळा आहे. शस्त्रासाठी मांडलेल्या त्या टेबलावर दुसरंच काही सापडलं, तर पुढे काय करायचं?

काय घडलं

दुसऱ्या राज्यातून आलेल्या, सत्तरीच्या घरातल्या एक बाई. सोबत कुटुंब. ही सहल दोन वर्षांपासून ठरत होती. त्यांना संधिवात होता आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने त्या दुखण्यावर सीबीडी तेल घेत होत्या. सीबीडी हा भांगेच्याच कुळातल्या झाडातून काढलेला घटक आहे, पण त्याने नशा चढत नाही. नशा आणणारा घटक टीएचसी, तो वेगळा.

तपासणीत पर्समधून तेलाची बाटली निघाली आणि ती डेप्युटीच्या हाती गेली. जागच्या जागी रासायनिक चाचणी झाली आणि टीएचसी असल्याचा निकाल आला. पणजीबाईंना अटक झाली. आरोप हशीश बाळगल्याचा, आणि फ्लोरिडाच्या कायद्यात तो फेलनी, म्हणजे गंभीर गुन्हा. सुमारे १२ तास त्या काउंटीच्या तुरुंगात होत्या. २,००० डॉलरच्या जामिनावर सुटल्या. फ्लोरिडात अटकेच्या वेळी काढलेला फोटो सार्वजनिक नोंद असतो, त्यामुळे त्यांचा तो फोटो देशभर फिरला. नातवंडा-पतवंडांच्या घरातल्या बाईचा चेहरा राखाडी भिंतीपुढे.

अडचण नेमकी कुठे होती

पहिली अडचण कायद्याच्या तारखांची. २० डिसेंबर २०१८ रोजी अमेरिकेच्या केंद्रीय शेतीविषयक कायद्याने हेम्प, म्हणजे याच झाडाचा ०.३ टक्क्यापर्यंतच टीएचसी असलेला प्रकार, अमली पदार्थांच्या यादीतून बाहेर काढलं. फ्लोरिडाचा स्वतःचा कायदा मात्र एप्रिल २०१९ मध्ये अजून जुनाच होता. राज्याच्या व्याख्येत त्या झाडापासून काढलेला प्रत्येक अर्क गांजाच्या सदरात बसत होता. वैद्यकीय वापराची सोय होती, पण ती राज्यात नोंदणी झालेल्या रुग्णांनाच, आणि परराज्यातल्या डॉक्टरांच्या शब्दाला त्यात जागा नव्हती. त्याच वेळी फ्लोरिडातल्या पेट्रोल पंपांवरच्या दुकानांतही सीबीडी तेलाच्या बाटल्या काउंटरवर उघड विकायला होत्या. दुकानदाराला कुणी हात लावत नव्हतं.

दुसरी अडचण त्याहून बोचरी. फ्लोरिडात २० ग्रॅमपर्यंत सुका गांजा बाळगणं हा किरकोळ गुन्हा. पण झाडातून काढलेली राळ किंवा तेल असेल, तर ते कितीही थोडं असो, थेट तिसऱ्या दर्जाची फेलनी, कमाल शिक्षा ५ वर्षांची. म्हणजे खिशात गांजाची पुडी घेऊन आलेला तरुण कायद्याने पणजीबाईंपेक्षा हलक्या गुन्ह्यात सापडला असता. हे वाक्य मी तीनदा तपासून लिहिलं आहे, कारण पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझाच विश्वास बसला नव्हता.

तिसरी अडचण त्या चाचणीची. पोलीस जागेवर वापरतात ती नेहमीची चाचणी म्हणजे प्लॅस्टिकच्या छोट्या पाकिटातल्या काचेच्या कुप्या. नमुना आत टाकायचा, कुप्या एकामागून एक बोटांनी फोडायच्या, पाकीट हलवायचं आणि रंग बघायचा. जांभळी छटा आली, की नमुना या कुळातला. पण ही चाचणी किती टीएचसी आहे हे सांगत नाही. ०.२ टक्के आणि २० टक्के तिला सारखेच. आणि नव्या केंद्रीय कायद्याचा सगळा डोलारा तर त्या टक्केवारीवरच उभा होता.

पर्याय काय होते

रक्षकाच्या पातळीवर एक रोजचा, साधा पर्याय असतो. सेल्फी स्टिक, काचेची बाटली, दारू अशा बंदी असलेल्या वस्तू सापडल्या, की पाहुण्याला दोन वाटा दाखवल्या जातात: गाडीत ठेवून या, नाहीतर इथेच टाकून द्या. पार्कच्या नियमांत गांजाजन्य पदार्थांना बंदी आहेच. त्या बाटलीला आत येऊ न देणं हे कंपनीच्या हक्कातलं होतं, आणि त्यासाठी पोलिसाची गरज नव्हती.

बाटली एकदा डेप्युटीच्या हाती आली, की वाटा कमी होतात. तरी त्या संपत नाहीत. तो ताकीद देऊन सोडू शकत होता. बाटली जप्त करून, पावती देऊन, नाव-पत्ता घेऊन बाईंना जाऊ देऊ शकत होता आणि कागद सरकारी वकिलांकडे पाठवू शकत होता. फ्लोरिडात अटक न करताही आरोपाची शिफारस करता येते. मग खटला भरायचा की नाही, हे वकील निवांत बसून ठरवतात. वरिष्ठाला एक फोन करणं हाही पर्यायच. एक वाट मात्र खरोखर बंद होती. किरकोळ गुन्ह्यात हातात नोटीस देऊन कोर्टाच्या तारखेला बोलावता येतं, पण फेलनीत ती सोय नाही. सुक्या गांजाऐवजी तेल असल्याचा फटका इथे पुन्हा बसला.

शेवटचा पर्याय अटक. तोच निवडला गेला.

निर्णयाचे क्षण

डेप्युटीच्या बाजूने बोलायला हवं, नाहीतर हा अभ्यास एकांगी होईल. त्याच्यापुढचा कायदा स्पष्ट होता. चाचणी त्या कायद्याच्या बाजूने बोलत होती. शेरीफ कार्यालयानेही नंतर हेच म्हटलं, की त्या वेळी असं तेल बाळगणं राज्याच्या कायद्याने फेलनी होतं आणि कायदा राबवणं हे डेप्युटींचं काम आहे. आज पणजीबाईंना सोडलं आणि उद्या व्हेपमध्ये (ई-सिगारेटमध्ये) तेच तेल घेऊन आलेल्या बावीस वर्षांच्या काळ्या मुलाला धरलं, तर ते कुठल्या तोंडाने? वय आणि चेहरा बघून सोडणं ही दया असते, पण तिच्यात भेदभाव दबा धरून बसलेला असतो. हा मुद्दा मला खरा वाटतो, आणि तो झटकून टाकता येत नाही.

पण त्यातून अटकच निघते, असं नाही. सारखेपणा हवा असेल, तर दोघांनाही अटक करून तो साधतो, तसाच दोघांचीही बाटली जप्त करून प्रयोगशाळेत पाठवूनही साधतो. ज्या चाचणीला प्रमाण मोजता येत नाही, तिच्यावर माणसाचं स्वातंत्र्य ठेवणं ही इथली मूळ चूक होती, असं माझं ठाम मत आहे. पळून जाण्याची भीती नव्हती. दुसऱ्या कुणाला धोका नव्हता. पुरावा बाटलीत बंद होता आणि बाटली पोलिसांच्या हाती होती. तातडीने अटक करण्याची जी कारणं असतात, त्यांतलं एकही इथे हजर नव्हतं.

त्याआधीचा क्षण मला अधिक महत्त्वाचा वाटतो: बाटली टेबलावरून डेप्युटीच्या हातात गेली तो. खासगी मालमत्तेवरची गोष्ट त्या एका हस्तांतरात सरकारी होते. तोवर फार तर सहलीचा एक तास वाया गेला असता. त्यानंतर तुरुंग, जामीन, वकील आणि कायमचा फोटो. तोवर बंदुकी आणि चाकूंसाठी बसवलेली यंत्रणा त्या क्षणी औषधाच्या बाटलीवर चालली, आणि तिला थांबायला कुणी शिकवलेलं नव्हतं.

इथे आणखी एक जुनी गोष्ट सांगायला हवी. १९९७ मध्ये फ्लोरिडाच्या अपील न्यायालयाने ठरवलं, की डिस्नेची सुरक्षाव्यवस्था पोलिसी काम करत नाही, म्हणून तिच्या नोंदी सार्वजनिक कागदपत्रांच्या कायद्याखाली मागता येत नाहीत. डेप्युटीचा अटक अहवाल कुणीही मागवून वाचू शकतो. रक्षकाचं टिपण मात्र कंपनीच्या कपाटात राहतं. त्यामुळे अशा प्रत्येक प्रकरणात चर्चा डेप्युटीवर येऊन थांबते, आणि ज्या टेबलावर गोष्ट सगळ्यात सोप्या रीतीने संपू शकली असती, ते टेबल चर्चेबाहेर राहतं.

निष्पत्ती

आरोप मागे घेतले गेले. खटला उभा राहिलाच नाही. पणजीबाईंनी पुढे नामांकित वकिलामार्फत पार्क आणि शेरीफ कार्यालय दोघांविरुद्ध दाद मागण्याची भूमिका जाहीर केली.

राज्याचा हेम्पविषयक नवा कायदा १ जुलै २०१९ रोजी लागू झाला आणि ०.३ टक्क्याच्या आतलं हेम्प गांजाच्या व्याख्येतून बाहेर पडलं. अटकेपासून जेमतेम अडीच महिने झाले होते. त्यानंतर राज्यभर पोलिसांची पंचाईत झाली, कारण वास आणि रंग या दोन्हींनी हेम्प कुठलं आणि गांजा कुठला हे सांगता येईना. ऑगस्ट २०१९ मध्ये मायामी-डेड काउंटीच्या सरकारी वकिलांनी गांजाच्या किरकोळ प्रकरणांत प्रयोगशाळेच्या पुराव्याशिवाय पुढे जाता येणार नाही, अशी भूमिका घेतली. जी अडचण त्या एप्रिलमध्ये एका बाईला एकटीने भोगावी लागली, ती चार महिन्यांत सगळ्या यंत्रणेची झाली.

पार्कची दारंही बदलली. कोविडनंतर चालता चालता पार करायचे नवे स्कॅनर आले आणि बहुतेकांना बॅग उघडावी लागत नाही. शस्त्रासारखं काही दिसलं, तरच टेबलाकडे बोलावतात. शस्त्र शोधायचं, तर औषधाची पर्स उपसायची गरज नसते, हे त्या यंत्रांनी दाखवून दिलं.

वेगळं काय करता आलं असतं

कंपनीने आपल्या रक्षकांना एक साधी रेघ आखून द्यायला हवी होती. शस्त्र, स्फोटक, कुणाच्या जिवाला धोका असेल तर डेप्युटी. नियमाबाहेरची पण निरुपद्रवी वस्तू असेल तर गाडी किंवा कचरापेटी. डॉक्टरांच्या सल्ल्याने घेतलेलं औषध दुसऱ्या यादीत बसतं.

शेरीफ कार्यालयापुढे डिसेंबर २०१८ ते एप्रिल २०१९ असे चार महिने होते. केंद्राचा कायदा बदलला आहे, राज्याचा बदलाच्या वाटेवर आहे, दुकानांत माल उघड विकला जातो आहे, आणि आपल्या हातातली चाचणी प्रमाण मोजत नाही. इतकं समोर असताना सरकारी वकिलांशी बसून एक परिपत्रक काढता आलं असतं: तेल सापडलं तर जप्ती आणि शिफारस, अटक फक्त विक्रीचा संशय असेल तर. परिपत्रक नसलं, की सगळा भार दारातल्या एका डेप्युटीच्या खांद्यावर येतो, आणि तो कायद्याच्या पुस्तकामागे उभा राहतो. त्याला दोष द्यायला माझं मन धजत नाही.

आणि आपल्या लोकांसाठी. हा भाग मी आईसाठी लिहिते आहे असं समजा. आयुर्वेदात भांगेला विजया म्हणतात, आणि भारतात विजयायुक्त तेलं आणि गोळ्या ऑनलाइन मिळतात. भारताच्या १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात गांजाची व्याख्या फुलोऱ्यावर बेतलेली आहे आणि नुसती पानं तिच्या बाहेर राहतात, म्हणून या औषधांना तिथे जागा आहे. सांधेदुखीला उत्तम म्हणून कुणीतरी काकूंना ती बाटली देतं, आणि काकू ती बॅगेत टाकतात. लेबलवर आयुष परवान्याचा क्रमांक असतो, सगळं रीतसर. अमेरिकेच्या विमानतळावर किंवा ऑर्लँडोच्या दारात त्या क्रमांकाला किंमत नाही. फ्लोरिडात मौजेसाठीचा गांजा आजही बेकायदा आहे. २०२४ मध्ये तो खुला करण्याच्या प्रस्तावाला निम्म्याहून जास्त मतं पडली, पण लागणारे ६० टक्के गाठता आले नाहीत. त्यामुळे विजया, भांग, हेम्प, सीबीडी यांतला एकही शब्द लेबलवर असेल, तर ती बाटली भारतातच राहू द्या.

बाकीची औषधं मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसकट. आणि दारात कुणी विचारलंच, तर आई-बाबांना गप्प उभं राहू देऊ नका. भाषा अडली की ती घाबरतात, पर्स छातीशी धरतात, आणि समोरच्याला ते लपवल्यासारखं दिसतं.

मागच्या वर्षी आईची पर्स टेबलावर आली होती. रक्षक मुलगी विशीतली असेल. तिने खोकल्याच्या औषधाची ती बाटली उचलून उजेडात धरली. आतलं पिवळट तेल हळूच एका बाजूला कललं. मी म्हटलं, गुडघ्याला चोळायचं तिळाचं तेल आहे. तिने झाकण फिरवून वास घेतला, आईच्या गुडघ्यांकडे पाहिलं, झाकण घट्ट लावलं आणि बाटली परत पर्सच्या कप्प्यात उभी ठेवली. चार पावलांवर डेप्युटी उभा होता. तिने त्याच्याकडे पाहिलंही नाही.